ब्राउझरची किल्ली कोणाच्या हाती?

खास प्रतिनिधी

कंपन्यांची गोपनीय माहिती बाहेर फुटू नये याची राखण करणे हाच जिचा व्यवसाय, त्या 'सायबरहेवन' या अमेरिकी कंपनीतील एका कर्मचाऱ्याला २४ डिसेंबर २०२४ रोजी एक ई-मेल आला. तुमचे एक्स्टेन्शन क्रोमच्या दुकानाचे नियम मोडत असून ते लवकरच काढून टाकण्यात येईल, असा इशारा त्यात होता. कर्मचाऱ्याने त्यातील दुव्यावर क्लिक केले, समोर आलेल्या गूगलच्या खऱ्याखुऱ्या पानावर एका अनोळखी अ‍ॅपला परवानगी दिली आणि चोराच्या हाती किल्ली गेली. खात्यावर दुहेरी पडताळणी सुरू असूनही तिची विचारणा झाली नाही. नाताळच्या दिवशी त्याच एक्स्टेन्शनची भेसळ केलेली आवृत्ती अधिकृत दुकानातूनच बाहेर पडली. हे एक्स्टेन्शन सुमारे चार लाख जणांच्या ब्राउझरमध्ये होते. सुमारे एक दिवस ती आवृत्ती दुकानात होती. तेवढ्या काळात ज्यांचे ब्राउझर सुरू होते, त्यांच्याकडे ती आपोआप उतरली. त्यांनी काहीही चुकीचे केले नव्हते, कोणत्याही संशयास्पद दुव्यावर बोट ठेवले नव्हते.

पुढील काही दिवसांत अशीच गत झालेली आणखी तीसहून अधिक एक्स्टेन्शन्स संशोधकांनी शोधून काढली. राखण करणाऱ्याच्याच दारातून चोर आत आला, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्ले. त्यामुळे 'कोणती एक्स्टेन्शन्स चांगली?' हा वरवर साधा वाटणारा प्रश्न नव्याने तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

हक्क मोठा, काम लहान

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम. जाहिराती रोखणे, पासवर्ड लक्षात ठेवणे, पानाचे भाषांतर करणे, खरेदीच्या वेळी सवलतीचे कूपन शोधणे, अशी नाना कामे ही एक्स्टेन्शन्स करतात. मोझिलाच्या फायरफॉक्सची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली, तेव्हा अशा जोडण्या हेच तिचे एक मोठे आकर्षण ठरले. गूगलच्या क्रोममध्ये ही सोय २०१० च्या आरंभी सर्वांसाठी खुली झाली. आज जगातील सुमारे दोन तृतीयांश ब्राउझर-वापर क्रोमवरून होतो, आणि एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे ब्राउझरही त्याच पायावर उभे असल्याने क्रोमसाठी लिहिलेली एक्स्टेन्शन्स तेथेही चालतात. साहजिकच एका एक्स्टेन्शनमधील बिघाडाची व्याप्ती फार मोठी असते.

एक्स्टेन्शन बसविताना ब्राउझर एक छोटी चौकट दाखवितो. 'सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणे आणि बदलणे' अशा आशयाचे वाक्य त्यात बहुतेक वेळा असते. ते न वाचता 'जोडा' हे बटण दाबणारेच अधिक. मात्र या एका वाक्यात पुष्कळ काही सामावलेले आहे. बँकेच्या संकेतस्थळावर दिसणारे सुरक्षिततेचे चिन्ह हे बँकेपासून ब्राउझरपर्यंतच्या प्रवासाची हमी देते. वाटेत कोणी ती माहिती वाचू शकत नाही. एक्स्टेन्शन मात्र वाटेत नसते, ते घरातच बसलेले असते. पाकीट फोडून पत्र टेबलावर ठेवल्यावर ते वाचायला जशी कुलूपतोडीची गरज नसते, तसेच हे आहे. शिल्लक रक्कम, टाइप होत असलेला पासवर्ड, डॉक्टरांना लिहिलेली ई-मेल, हे सारे त्याला वाचता येते. पानावरचा मजकूर बदलताही येतो.

प्रत्येक एक्स्टेन्शन हा हक्क गैरवापरासाठीच मागते, असे अर्थातच नाही. शब्दावर दोनदा क्लिक करताच त्याचा अर्थ दाखविणाऱ्या शब्दकोशाला पानावरचा मजकूर वाचावाच लागेल. प्रश्न असा की, तोच शब्दकोश बँकेच्या पानावरही जागा असण्याचे कारण काय? शिवाय हेतू शुद्ध असला तरी चूक होऊ शकते. इंग्रजी लेखन तपासून देणाऱ्या 'ग्रामरली' या सुमारे २ कोटी २० लाख वापरकर्त्यांच्या एक्स्टेन्शनमध्ये फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलमधील संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांना एक त्रुटी आढळली. तिच्यामुळे कोणत्याही संकेतस्थळाला वापरकर्त्याच्या ग्रामरली खात्यातील लेखनापर्यंत पोहोचता आले असते. कंपनीने ती तातडीने दुरुस्त केली. परंतु ज्याच्या हाती सर्व दारांच्या किल्ल्या, त्याची एक चूकही सर्व दारांना भोवते, हा धडा त्यातून मिळाला.

मालक बदलतो तेव्हा

यातील सर्वांत अवघड प्रश्न विश्वासाचा नसून विश्वासाच्या मुदतीचा आहे. 'द ग्रेट सस्पेंडर' हे एक्स्टेन्शन न वापरलेली टॅब झोपवून संगणकाचा भार हलका करीत असे. वीस लाखांहून अधिक लोक ते वापरत होते. मूळ विकसकाने जून २०२० मध्ये ते एका अनोळखी खरेदीदाराला विकले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक कोड आढळल्याचे सांगून गूगलने ते बंद केले. जाहिराती रोखणाऱ्या 'नॅनो अ‍ॅडब्लॉकर' आणि 'नॅनो डिफेंडर' यांची कथा याहून वेगळी नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ती विकली गेली आणि काही दिवसांतच वापरकर्त्यांच्या इन्स्टाग्राम खात्यांवरून त्यांच्या नकळत छायाचित्रांना पसंतीच्या खुणा पडू लागल्या.

या व्यवहारामागील अर्थकारण सरळ आहे. पुष्कळशी लोकप्रिय एक्स्टेन्शन्स एकाच व्यक्तीने, फावल्या वेळात, मोबदल्याविना लिहिलेली असतात. तक्रारींची उत्तरे देऊन विकसक थकतो आणि अशा वेळी खरेदीचा प्रस्ताव येतो. खरेदीदाराला कोडमध्ये फारसा रस नसतो. त्याला हवे असतात ते लाखो वापरकर्ते, त्यांनी आधीच देऊन ठेवलेल्या परवानग्या आणि आपोआप होणारी अद्ययावती. इमारतीचा रखवालदार बदलला तर रहिवाशांना ते निदान दिसते. येथे मात्र नाव तेच, चिन्ह तेच, फक्त आतला माणूस बदललेला असतो.

नावांच्या सारखेपणानेही घोटाळा होतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये 'अ‍ॅडब्लॉक प्लस' या प्रसिद्ध एक्स्टेन्शनचे हुबेहूब नाव घेतलेली नकली प्रत क्रोमच्या अधिकृत दुकानात शिरली होती आणि ती काढली जाईपर्यंत सुमारे ३७ हजार जणांनी ती बसविली होती. 'यूब्लॉक' आणि 'यूब्लॉक ओरिजिन' ही तर दोन स्वतंत्र एक्स्टेन्शन्स आहेत. मूळ लेखक रेमंड हिल यांनी २०१५ मध्ये पहिल्याचा कारभार दुसऱ्याकडे सोपविला. पुढे त्यांनी 'ओरिजिन' हे स्वतःचे वेगळे रूप चालू ठेवले आणि त्यासाठी देणग्याही घेतल्या नाहीत.

फुकटाचा हिशेब

चोरी झाली तर ती निदान चोरी म्हणून ओळखता येते. त्याहून अवघड असतो तो नियमांच्या बारीक अक्षरांत लपलेला व्यापार. कोणते संकेतस्थळ विश्वासार्ह आहे हे सांगणाऱ्या 'वेब ऑफ ट्रस्ट' या एक्स्टेन्शनने गोळा केलेला वापरकर्त्यांचा भ्रमंती-इतिहास बाजारात विकला जात असल्याचे जर्मनीतील 'एनडीआर' या प्रसारण संस्थेने नोव्हेंबर २०१६ मध्ये उघड केले. नावे वगळल्याचा दावा होता, पण भेट दिलेल्या पत्त्यांवरूनच माणसे ओळखता येत होती. जुलै २०१९ मध्ये संशोधक सॅम जडाली यांनी 'डेटास्पाय' या नावाने मांडलेल्या अहवालात आठ एक्स्टेन्शन्स आणि ४० लाखांपर्यंत वापरकर्ते यांचा उल्लेख होता. त्या माहितीत खासगी दस्तऐवजांचे दुवेही होते. ते दुवे हाती आले की ती कागदपत्रे थेट उघडता येत होती.

अँटिव्हायरस कंपन्याही याला अपवाद ठरल्या नाहीत. अ‍ॅव्हास्टने आपल्या एक्स्टेन्शन्स व सॉफ्टवेअरमधून मिळविलेली भ्रमंतीची माहिती 'जम्पशॉट' या उपकंपनीमार्फत विकल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास सांगितले. पाळत रोखण्याचे आश्वासन देणाऱ्यानेच पाळत विकली, हा त्या ठपक्याचा गाभा होता. डिसेंबर २०२५ मध्ये 'कोई सिक्युरिटी' या कंपनीने 'अर्बन व्हीपीएन प्रॉक्सी' या मोफत एक्स्टेन्शनविषयी असाच अहवाल प्रसिद्ध केला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटशी होणारी वापरकर्त्यांची संभाषणे ते टिपत असल्याचे त्यात म्हटले होते. साठ लाखांवर वापरकर्ते असलेल्या या एक्स्टेन्शनला क्रोमच्या दुकानाचा निवडक असल्याचा बिल्ला लाभलेला होता. आजारपण, नोकरीतील भांडणे, घरगुती पेच अशा गोष्टीही लोक आता या चॅटबॉटना विचारतात, हे ध्यानात घेतले की प्रकाराचे गांभीर्य उमगते.

भारतात या धोक्याची अधिकृत दखल घेतली गेली ती जुलै २०२० च्या सुमारास. गूगलने १०६ घातक एक्स्टेन्शन्स दुकानातून काढल्यानंतर 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा यंत्रणेने सूचनापत्र काढले. पडद्याचे छायाचित्र घेणे, कॉपी केलेला मजकूर वाचणे, कीबोर्डवर दाबलेल्या कळा टिपणे अशा गोष्टी ही एक्स्टेन्शन्स करू शकत होती. आवश्यक तेवढीच एक्स्टेन्शन्स ठेवावीत, असा सल्ला तेव्हा देण्यात आला होता. ते टाळेबंदीचे दिवस होते. घरचा संगणक हेच कार्यालय, तीच शाळा आणि तीच बँक झाली होती. टाळेबंदी उठली, पण कार्यालय आणि बँक घरच्या संगणकावरून काही हललेली नाहीत.

जाहिरातींची चाळणी आणि नवी चौकट

हे सारे वाचून एकही एक्स्टेन्शन नको, असा निष्कर्ष कोणी काढील. तोही बरोबर ठरणार नाही. अमेरिकेच्या 'एफबीआय'ने डिसेंबर २०२२ मध्ये नागरिकांना जाहिराती रोखणारे एक्स्टेन्शन वापरण्याचा सल्ला दिला होता. त्याचे कारण असे की, भामटे शोधयंत्रावर जाहिराती विकत घेऊन बँका व कंपन्यांच्या नकली पानांकडे लोकांना वळवीत होते. म्हणजे जाहिरात रोखणे ही निव्वळ डोळ्यांची सोय राहिलेली नाही, ती सुरक्षिततेची बाब झाली आहे.

नेमक्या याच ठिकाणी गूगलने नियम बदलले. 'मॅनिफेस्ट व्ही ३' या नव्या चौकटीत एक्स्टेन्शनला ब्राउझरची प्रत्येक मागणी स्वतः अडवून तपासता येत नाही. काय रोखायचे त्याची यादी आधी द्यायची आणि रोखण्याचे काम ब्राउझर करील, अशी ही व्यवस्था आहे. बाहेरून कोड आणून चालविण्यासही तिच्यात मज्जाव आहे. यातून सुरक्षितता वाढेल, असा गूगलचा युक्तिवाद असून तो पूर्णतः निराधार नाही. टीकाकार मात्र दुसरी बाजू दाखवितात. गूगलची मातृकंपनी अल्फाबेट हिच्या २०२४ मधील ३५० अब्ज डॉलरच्या उत्पन्नापैकी सुमारे तीन चतुर्थांश वाटा जाहिरातींचा होता. जाहिरातींवर जगणाऱ्यानेच जाहिरात रोखणाऱ्याच्या हत्याराची धार ठरवावी, हा हितसंबंधांचा प्रश्न त्यामुळे उरतोच.

जून २०२४ पासून क्रोमने जुनी चौकट टप्प्याटप्प्याने मोडीत काढली आणि २०२५ च्या मध्यापर्यंत मूळ 'यूब्लॉक ओरिजिन' क्रोममधून बाद झाले. त्याचे 'लाइट' हे रूप नव्या नियमांत बसते. त्याची ताकद कमी आहे, पण नेहमीच्या वापराला ते पुरते. मोझिलाने फायरफॉक्समध्ये दोन्ही चौकटी सुरू ठेवण्याची भूमिका २०२५ मध्ये जाहीर केली. आता एक्स्टेन्शन निवडण्याआधी ब्राउझर निवडावा लागतो, तो यामुळे. येथे एक इशाराही आवश्यक आहे. नवी चौकट असूनही सायबरहेवनची घटना घडलीच. विकसकाच्या खात्यावर डल्ला मारणाऱ्याला चौकटीचे नियम अडवू शकत नाहीत.

निवडीचे निकष

मग सामान्य वापरकर्त्याने काय करावे? पहिला निकष गरजेचा. ब्राउझरमध्ये किंवा संगणकातच असलेल्या सोयीसाठी वेगळे एक्स्टेन्शन घेणे म्हणजे विनाकारण एक किल्ली वाटणे. संकेतस्थळाशी सुरक्षित जोडणी साधून देणारे 'एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर' हे इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनचे एक्स्टेन्शन याचे बोलके उदाहरण आहे. २०१० पासून त्याने मोलाचे काम केले. ब्राउझरमध्येच ती सोय आल्यावर संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये ते सन्मानाने निवृत्त केले. मराठी टंकलेखनाचेही असेच आहे. विंडोजमध्ये २०१९ पासून उच्चारानुसार मराठी लिहिण्याचा कीबोर्ड अंतर्भूत आहे. त्यासाठी प्रत्येक कळ वाचू शकणारे अनोळखी एक्स्टेन्शन बसविण्याची निकड उरलेली नाही.

दुसरा निकष मालकीचा. बनविणारी संस्था वा व्यक्ती कोण, ती कमावते कशातून, कोड खुला आहे काय, हे पाहावे. पासवर्ड सांभाळणाऱ्यांत 'बिटवॉर्डन'चा आणि मागोवा रोखणाऱ्यांत 'प्रायव्हसी बॅजर'चा कोड सर्वांना तपासता येतो. पहिल्याचे उत्पन्न सशुल्क सेवेतून येते, तर दुसऱ्यामागे वर उल्लेखिलेली फ्रंटिअर फाउंडेशन ही देणग्यांवर चालणारी संस्था आहे. दुकानातील बिल्ला वा तारे हा या चौकशीला पर्याय नव्हे. एक्स्टेन्शनच्या नावाने शोध घेऊन पहिल्या जाहिरातीवर क्लिक करण्याऐवजी विकसकाच्या संकेतस्थळावरून दुकानातील पानाकडे जावे, म्हणजे नकलेचा धोका टळतो.

पासवर्ड सांभाळणाऱ्या एक्स्टेन्शनचा एक फायदा क्वचितच सांगितला जातो. ते संकेतस्थळाचा पत्ता अक्षरन् अक्षर जुळवून पाहते. नकली पानाला माणूस फसतो, पण पत्ता जुळला नाही की हे एक्स्टेन्शन पासवर्ड भरतच नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर स्थलांतर करण्यास सांगितले होते. अशा स्थलांतरानंतर जतन केलेला पत्ता एकदा स्वतः बदलावा लागतो. मात्र तो बदलण्यापूर्वी नव्या पत्त्याची खातरजमा बँकेच्या शाखेतून किंवा पासबुकावरील क्रमांकावरून करून घेणे शहाणपणाचे.

तिसरा निकष परवानगीच्या मर्यादेचा. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीशेजारी कोड्याच्या तुकड्यासारखे चिन्ह असते. तेथून प्रत्येक एक्स्टेन्शनला 'सर्व संकेतस्थळांवर', 'ठराविक संकेतस्थळांवर' किंवा 'क्लिक केल्यावरच' असा प्रवेश ठरवून देता येतो. भाषांतर, शब्दकोश, पडद्याचे छायाचित्र अशा कामांना तिसरा पर्याय पुरेसा असतो. जाहिरात रोखणाऱ्याला आणि पासवर्ड सांभाळणाऱ्याला तेवढी व्यापक परवानगी लागते, म्हणून त्यांची निवड सर्वांत कसोशीने व्हायला हवी. बँकेचे व्यवहार, आयकर विवरणपत्र आणि गुंतवणूक यांसाठी एकही एक्स्टेन्शन नसलेले स्वतंत्र प्रोफाइल ठेवणे हा तर बिनखर्चाचा उपाय आहे.

सवलतीची कूपने शोधणाऱ्या एक्स्टेन्शन्सबाबत विशेष सावधगिरी हवी. 'हनी' हे अशा प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध नाव. पेपालने ते सुमारे चार अब्ज डॉलरना विकत घेतले होते. वस्तूची शिफारस करणाऱ्याला मिळावयाचे कमिशन ते स्वतःकडे वळविते, असा आरोप डिसेंबर २०२४ मध्ये झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. पेपालने आपण उद्योगातील नियम पाळत असल्याचे म्हटले. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये गूगलने नियम कडक केले. ग्राहकाला प्रत्यक्ष लाभ होत नसताना असे कमिशनचे दुवे घुसविण्यास आता मनाई आहे.

चौथा निकष पुनर्तपासणीचा. महिन्यातून एकदा यादी उघडावी आणि न वापरलेले एक्स्टेन्शन केवळ बंद न करता काढून टाकावे. एखादे एक्स्टेन्शन अचानक नव्या परवानग्या मागू लागले, तर ब्राउझर त्याला थांबवून विचारणा करतो. तो क्षण 'होय' म्हणून उरकून टाकण्याचा नसतो. दुकानातून हटविलेल्या एक्स्टेन्शनची सूचना क्रोमच्या सुरक्षा तपासणीत २०२३ पासून मिळते, तिच्याकडेही लक्ष असावे. संशय बळावल्यास ते काढून टाकून महत्त्वाच्या खात्यांतून सर्व उपकरणांवर बाहेर पडावे, मगच पासवर्ड बदलावेत. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण चोराने बहुधा आत शिरल्याची नोंद असलेली कुकीच उचललेली असते. पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

कायदा आहे, पण...

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास त्यात अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. संमती स्पष्ट व विशिष्ट हेतूपुरती असावी, असे हा कायदा म्हणतो आणि २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. 'सर्व काही वाचण्याची' सरसकट परवानगी या कसोटीला कितपत उतरते, हा पुढील काळातील कळीचा प्रश्न ठरू शकेल. तथापि विकसक एका देशात, खरेदीदार दुसऱ्या देशात आणि सर्व्हर तिसऱ्याच देशात, अशी स्थिती असताना कायद्याचा हात पोहोचण्याआधी माहिती कित्येक हातांतून फिरून गेलेली असते.

म्हणून अखेरची जबाबदारी, न्याय्य असो वा नसो, ज्याचा ब्राउझर त्याच्यावर येऊन पडते. शेजारच्या घरी किल्ली ठेवताना माणूस दहादा विचार करतो, शेजारी बदलला तर ती परत मागून घेतो. एक्स्टेन्शन बसविताना तेवढाच विचार केला आणि वेळच्या वेळी किल्ल्या मोजल्या, तरी पुष्कळसे नुकसान टळेल. सायबरहेवनच्या वापरकर्त्यांना तीही संधी मिळाली नाही, हे खरे. परंतु ज्या प्रोफाइलमध्ये ते एक्स्टेन्शनच नव्हते, तेथे त्या नाताळच्या दिवशी काहीच घडले नाही.